आधी तास मोजा, मग ऑर्डर स्वीकारा

एका वाचक भगिनीने पाठवलेल्या पत्राचा सारांश असा आहे: "माझी मुलगी २१ महिन्यांची आहे. तिच्या जन्माच्या आधीपासून मी घरून कापडी पिशव्या शिवून विकते. झोपण्याच्या खोलीच्या एका कोपऱ्यात माझे मशीन आहे. दिवसभर घरात मी, मुलगी आणि सासूबाई असतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या मुलीजवळ बसू शकतात, पण तिच्यामागे धावू शकत नाहीत. पती संध्याकाळी घरी येतात. दुपारी मुलगी झोपली की मी कामाला बसते आणि पुन्हा रात्री १० ते १ शिवते. तरीही अलीकडे दोन ऑर्डर उशिरा गेल्या आणि एका पिशवीचा पट्टा उलटा शिवला गेला. फोन वाजला की मुलगी माझा हात ओढते, मी तिच्यावर ओरडते आणि रात्री तिच्याकडे पाहून मला रडू येते. घरचे म्हणतात, दोन वर्षे सगळे बंद ठेव. नेमक्या याच वेळी एका दुकानाने महिन्याभरात ६० पिशव्या मागितल्या आहेत. ही संधी सोडू का? व्यवसाय बंद करू का? की दोन्ही नीट करण्याचा काही मार्ग आहे? आई म्हणूनही मी कमी पडते आणि कामातही."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी सांगते आणि मग त्यामागची कारणे. व्यवसाय बंद करू नका. ६० पिशव्यांची ऑर्डर दुकानदाराने सांगितलेल्या मुदतीत मात्र घेऊ नका. आणि दोन्ही नीट करण्याचा मार्ग आहे, परंतु त्यासाठी दोन्ही एकाच तासात करण्याचा प्रयत्न तुम्हाला सोडावा लागेल. तुमचे पत्र मी पुन्हा वाचले तेव्हा मला जाणवले की त्यात कष्टांची कमतरता कुठेही नाही. तुम्ही ज्या ज्या क्षणी हरल्यासारखे वाटले असे लिहिले आहे, त्या प्रत्येक क्षणी मुलगी आणि काम एकाच वेळी तुमच्यासमोर उभी होती. फोन कानाला आणि मुलगी हाताला, मशीनवर पट्टा आणि कान पाळण्याकडे. अशा वेळी कोणीही कमी पडेल.

एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळताना मन पहिल्या कामात काही काळ अडकून राहते आणि त्यामुळे दुसरे काम खालावते, हे सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले होते. तिचा अभ्यास आयांवर नव्हता, तरी उलट्या शिवल्या गेलेल्या पट्ट्याचे कारण मला त्यात दिसते. याच विषयावरील २०१८ सालच्या पुढच्या अभ्यासात लेरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांना असे आढळले की, काम मध्येच सोडावे लागताना आपण कुठे थांबलो आहोत आणि परत आल्यावर पहिले काय करायचे आहे, हे मिनिटभरात टिपून ठेवले, तर मन त्या कामातून लवकर मोकळे होते. तुमच्यासाठी हे अगदी सोपे आहे. मशीनच्या बाजूला एक वही आणि पेन्सिल बांधून ठेवा. मुलगी उठल्याचा आवाज आला की "निळी पिशवी, अस्तर जोडून झाले, आता चेन" एवढे लिहा आणि उठा. त्यानंतर मुलीला कुशीत घेताना ती चेन डोक्यात राहणार नाही, कारण ती कागदावर आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तुम्ही आजवर आधी ऑर्डर घेतली आणि मग तिच्यासाठी तास शोधले. मूल नसताना हे चालले, कारण तेव्हा तास ताणता येत होते. आता जो तास ताणला जातो तो एक तर तुमच्या झोपेतून येतो किंवा मुलीच्या वाट्यातून. म्हणून क्रम उलटा करा. एका शांत संध्याकाळी पतींना सोबत घेऊन बसा आणि आठवड्यातले असे तास लिहून काढा, ज्या तासांत मुलीची जबाबदारी खरोखरच तुमच्यावर नसेल.

तुमच्या पत्रातील माहितीवरून मी एक हिशेब मांडून पाहिला, तुमचा खरा हिशेब थोडा वेगळा निघू शकेल. मुलगी दुपारी दीड ते दोन तास झोपते, असे तुम्ही लिहिले आहे. तिला झोपवून, पसारा आवरून, कापड काढून प्रत्यक्ष कामाला बसेपर्यंत त्यातला बराच वेळ जातो आणि आठवड्यातील एखाद-दोन दुपारी ती झोपतच नाही. म्हणून दुपारचे आठवड्याला ५ तास धरा. सासूबाई सकाळी तासभर तिच्याजवळ बसू शकल्या, तर पाच दिवसांचे ५ तास. पतींनी दोन संध्याकाळी दीड-दीड तास आणि सुटीच्या दिवशी सकाळी ३ तास मुलीला पूर्णपणे सांभाळले, तर ६ तास. एकूण १६ झाले. यातील चौथा हिस्सा ताप, सर्दी, दात येणे, पाहुणे, वीज जाणे यांसाठी आधीच वजा करा, कारण लहान मूल असलेल्या घरात या गोष्टी घडणारच. उरले १२ तास. सध्याच्या काळात तुमचा व्यवसाय आठवड्याला १२ तासांचा आहे, हे मान्य करण्यात काहीही उणेपणा नाही. मात्र तो २० तासांचा आहे असे समजून ऑर्डर घेत राहणे, हेच तुमच्या सगळ्या त्रासाचे मूळ आहे.

दुसरा हिशेब पिशवीचा आहे. एक पिशवी शिवायला दोन तास लागतात, असे तुम्ही म्हणता. त्यात कापड बेतणे, इस्त्री, धागे कापणे, फोटो काढणे, ग्राहकांच्या चौकश्यांना उत्तरे देणे, पार्सल बांधणे आणि हिशेब लिहिणे हे धरलेले दिसत नाही. ही कामे मोजली की एका पिशवीला सहज तीन तास होतात. म्हणजे आठवड्याला ४ पिशव्या आणि महिन्याला १६. हा तुमचा आजचा आकडा आहे. तो मोठ्या अक्षरांत मशीनसमोरच्या भिंतीवर लावा आणि सोळावी ऑर्डर घेतली की पुढच्या ग्राहकाला पुढच्या महिन्याची तारीख द्या. चांगल्या हाताने शिवलेल्या वस्तूसाठी ग्राहक थांबतो. त्याला राग येतो तो तारीख देऊन ती चुकवल्याचा.

याच आकड्यांवर दुकानाची ऑर्डर ठेवून पाहू. ६० पिशव्या एकसारख्या असल्यामुळे त्यांना थोडा कमी वेळ लागेल, कारण कापड एकदम बेतता येईल आणि फोटो व चौकश्या वाचतील. एका पिशवीला सव्वादोन तास धरले, तरी १३५ तास होतात आणि तुमच्याजवळ चार आठवड्यांत ४८ तास आहेत. मागच्या मुदती कशा चुकल्या, ते तुम्ही स्वतःच लिहिले आहे. या मुदतीचे तर सुरुवातीलाच गणित जमत नाही. तरीही मी "नाही म्हणा" असे सांगणार नाही. दुकानदाराला असे कळवून पाहा: "तुमची ऑर्डर मला मनापासून करायची आहे. प्रत्येक पिशवी मी स्वतः शिवते, त्यामुळे महिन्याला १२ याप्रमाणे पाच महिन्यांत ६० पिशव्या देऊ शकेन. पहिल्या १२ पाहून पुढचे ठरवावे. कापडासाठी आगाऊ रक्कम लागेल." बारा पिशव्यांचे २७ तास होतात आणि उरलेल्या २१ तासांत तुमच्या जुन्या ग्राहकांच्या सात पिशव्या होतात. दुकानदार तयार झाला तर तुम्हाला पाच महिन्यांचे निश्चित काम मिळेल. नाही झाला, तर ती ऑर्डर मुळातच तुमच्या मापाची नव्हती. शिवण येणाऱ्या दुसऱ्या कोणाला काही पिशव्या शिवायला देण्याचा मोह होईल, परंतु दुसऱ्याचे काम तपासणे आणि उसवून घेणे यालाही वेळ लागतो. तो प्रयोग घाईच्या ऑर्डरवर करू नये, असे माझे मत आहे.

तुटक वेळात काम करायचे असेल, तर कामाचेही तुकडे त्याच मापाचे पाडावे लागतात. एक पिशवी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करण्याऐवजी एका बैठकीला एकच टप्पा ठेवा. एका दुपारी चार पिशव्यांचे कापड बेता, दुसऱ्या दिवशी चारही अस्तरे जोडा, तिसऱ्या दिवशी चेना लावा. असे केले की प्रत्येक बैठकीत मशीनचा दोरा, पाय आणि टाक्याची लांबी बदलावी लागत नाही आणि बैठक मध्येच मोडली तरी काय झाले व काय राहिले, ते एका नजरेत कळते. ज्या दिवशी पतींनी मुलीला बाहेर नेले आहे, तो सलग तीन तासांचा वेळ बेतण्यासाठी आणि अवघड शिवणीसाठी राखून ठेवा. तो पार्सल बांधण्यात घालवू नका.

आता हे तास मिळवायचे कसे, याविषयी बोलू, कारण कागदावर ते लिहिणे सोपे आहे. पतींकडे "जरा बघता का हिच्याकडे" असे म्हणून मागितलेला वेळ तुमचा होत नाही. पाच मिनिटांनी "हिला भूक लागली आहे", "हिचे कपडे कुठे आहेत" असे विचारणे सुरू होते आणि तुम्ही मशीनवर बसून मनाने स्वयंपाकघरात असता. म्हणून वेळ मागताना त्या वेळातील सगळी जबाबदारी द्या. त्या दीड तासात मुलीचे खाणे, कपडे बदलणे, रडणे, खेळणे हे सर्व त्यांचे. वस्तू कुठे असतात ते एकदा दाखवून द्या आणि त्यानंतर त्यांच्या पद्धतीने होऊ द्या. ते वेगळ्या रीतीने भरवतील, केस नीट विंचरणार नाहीत, कदाचित ती थोडी जास्त रडेल. त्या वेळी खोलीबाहेर येऊन दुरुस्ती करू नका. दोघांना एकमेकांची सवय व्हायला तुमची गैरहजेरीच लागते आणि बापाच्या हातून मोठे होणे हा मुलीचाही लाभ आहे.

सासूबाईंच्या बाबतीत वेगळा विचार करावा लागेल. त्यांचे गुडघे दुखतात आणि २१ महिन्यांचे मूल क्षणात धावते, तेव्हा त्यांच्यावर एकटीवर मुलगी सोपवून तुम्ही दार बंद करणे दोघींनाही धोक्याचे आहे. परंतु एक खोली मुलीसाठी सुरक्षित करून, तिच्या दाराला लहान मुलांसाठीची फळी लावून, त्या खोलीत दोघींना तासभर गोष्टी, चित्रे, ठोकळे यांसह बसवता येईल आणि तुम्ही शेजारच्या खोलीत हाकेच्या अंतरावर असाल. या तासात मशीन चालवू नका. बेतलेले कापड लावून ठेवणे, धागे कापणे, इस्त्री बंद ठेवून घड्या घालणे, पत्ते लिहिणे अशी चटकन सोडून उठता येतील ती कामे करा. सासूबाईंना विचारताना तो तास त्यांच्या सोयीने ठरवा आणि त्यांना नको असेल त्या दिवशी तो सोडून द्या.

तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की मुलगी आक्रोश करते, असेही तुम्ही लिहिले आहे. आई दिसेनाशी झाली की घाबरणे साधारण आठ-नऊ महिन्यांपासून सुरू होते, दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बहुधा सर्वाधिक असते आणि पुढे हळूहळू ओसरते. तुमची मुलगी त्या वाटेच्या उताराला लागली आहे. तिची नजर चुकवून निसटण्याची सवय असेल तर ती मात्र सोडा. निसटून गेलेली आई कधीही नाहीशी होऊ शकते, असे मूल शिकते आणि अधिकच चिकटते. रोज तेच शब्द, तोच छोटा निरोप, "आई काम करून येते, बाबा आहेत", आणि सांगितल्याप्रमाणे परत येणे हे काही आठवडे टिकवले, तर रडणे बरेच कमी होते. निरोप लांबवू नका, लांबवल्याने तो अधिक कठीण होतो.

आता मी थोडी कठोर होणार आहे, कारण झोपण्याच्या खोलीतील ते मशीन मला पत्र वाचल्यापासून अस्वस्थ करीत आहे. मुलगी जागी असताना आणि तुमच्या जवळ असताना मशीन चालवायचे नाही, हा नियम पाळा. त्याला अपवाद ठेवू नका. काम संपले की मशीनचा प्लग काढून वायर वर गुंडाळून ठेवा. इस्त्रीची लोंबणारी वायर मुलाच्या हाताला लागली की गरम इस्त्री त्याच्या अंगावर येते. टाचण्या आणि सुया मोजून काढा आणि मोजून परत ठेवा. खेळण्यांची सुरक्षितता तपासताना तीन वर्षांखालील मुलांसाठी सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक छोटी नळी वापरतात आणि जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते असे मानतात. तुमची बटणे, मणी, चेनचे सरकते तुकडे आणि बॉबिन हे सारे त्या नळीत मावते.

त्यातही दोन वस्तूंविषयी विशेष सांगायचे आहे. पिशव्यांना लावायची मॅग्नेटची बटणे तुमच्याकडे नक्कीच असतील. एकाहून अधिक चुंबक गिळले गेले, तर आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून ते एकमेकांकडे ओढले जातात, मधली भिंत चिमटली जाते आणि तिला छिद्र पडू शकते. दुसरी वस्तू पार्सलचे वजन करण्याच्या लहान काट्यातील बटणासारखी गोल बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. यांपैकी काहीही गिळल्याची नुसती शंका आली, तरी रडणे थांबण्याची किंवा शौचातून पडण्याची वाट न पाहता थेट रुग्णालयात जायचे असते. म्हणून कुलूप असलेले एक कपाट किंवा घट्ट झाकणाची पेटी हा तुमच्या व्यवसायातील पुढचा खर्च समजा आणि तो नव्या कापडाच्या आधी करा. पॅकिंगच्या प्लास्टिकच्या पिशव्याही त्यातच ठेवा, कारण त्या तोंडावर ओढल्या गेल्या तर मूल गुदमरते. शक्य असेल तर मशीन मुलगी झोपते त्या खोलीतून हलवा. जागाच नसेल, तर तो कोपरा फळीने बंद करा.

रात्री १० ते १ या वेळेविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी मला बोललेच पाहिजे. मुलगी सकाळी सहाला उठते, म्हणजे तुम्हाला पाच तास मिळतात आणि तेही मधेमधे तुटलेले. प्रौढ माणसाला नियमितपणे किमान सात तास झोप लागते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसांची कामातील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना जितकी घसरते तितकी घसरली होती. सकाळी सहापासून जागी असलेली स्त्री रात्री अकराला याच स्थितीत मशीनच्या सुईखाली बोटे सरकवत असते. उलटा शिवला गेलेला पट्टाही याच वेळेतला असावा, असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी फोन वाजताच मुलीवर जो आवाज चढतो, त्यातही या जागरणाचा वाटा आहे. म्हणून साडेदहानंतर काम नाही. आधी मांडलेल्या १२ तासांत रात्रीचा एकही तास मी मुद्दाम धरलेला नाही. एखादी रात्र अगदी अडचणीची आलीच, तर त्या रात्री हिशेब लिहा, मशीन लावू नका.

फोनचा प्रश्न तुलनेने लवकर सुटतो. ग्राहकांना दिवसातून दोन ठरलेल्या वेळी उत्तर द्या आणि तसे आधीच लिहून ठेवा: "मी दुपारी २ ते ३ आणि रात्री ९ ते ९.३० या वेळेत उत्तर देते." दर वेळी विचारले जाणारे प्रश्न, म्हणजे माप, रंग, धुण्याची पद्धत, किती दिवसांत मिळेल, यांची उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवली की ती पाठवायला क्षणभर पुरतो. उरलेल्या वेळी कामाचा फोन आवाज बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. माझा आग्रह यासाठी आहे की मुलाला आईचे शरीर जवळ असणे पुरत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात आई आपल्या तान्ह्या बाळाशी खेळता खेळता काही मिनिटे चेहरा निर्विकार करून नुसती समोर बसे. बाळ हसून, हात हलवून, आवाज काढून तिला परत बोलावू पाही आणि ती प्रतिसाद देत नाही हे पाहून हताश होऊन मान वळवून घेई. तुम्ही फोनवर असताना तुमची मुलगी हात ओढते, ती हट्टीपणाने ओढत नाही. तिला तुमचा चेहरा परत हवा असतो. त्या प्रयोगाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. आई पुन्हा बोलू-हसू लागली की बाळही हळूहळू सावरे. म्हणून ओरडल्यानंतर रात्री एकट्याने रडण्यापेक्षा त्याच क्षणी खाली बसा, तिला जवळ घ्या आणि "आई मोठ्याने बोलली, तुझी चूक नव्हती" असे सांगा. सगळे शब्द तिला कळणार नाहीत, पण तुम्ही तिच्याकडे वळलात हे कळेल.

मुलीला गप्प बसवण्यासाठी फोनवर चित्रे लावून देण्याचा मार्ग तुम्ही अधूनमधून वापरता, असे तुम्ही संकोचाने लिहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या, म्हणजे दोन वर्षे पूर्ण न झालेल्या, मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एक तासाची आहे, त्याहून कमी तर अधिक चांगले. एखाद्या दिवशी दहा मिनिटे फोन दिला म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. पण तो तुमच्या कामाच्या वेळापत्रकाचा भाग असता कामा नये, कारण एकदा तो भाग झाला की कामाबरोबर तोही वाढत जातो.

किमतीविषयी थोडक्यात सांगते. एका पिशवीच्या विक्रीतून कापड, चेन, धागा, वीज, पॅकिंग आणि पाठवणी यांचा खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेला तीनने भागा. जी रक्कम येईल ती तुमच्या एका तासाची मिळकत. ती पाहून वाईट वाटले, तर किंमत वाढवा किंवा सर्वांत जास्त वेळ खाणारा नमुना बंद करा. आठवड्याला १२ तासच हातात असणाऱ्या स्त्रीने ओळखीच्यांसाठी फुकट केलेली दुरुस्ती आणि रंग बदलून पुन्हा शिवलेली पिशवी यांचाही हिशेब ठेवायला हवा.

घरच्यांच्या "दोन वर्षे बंद ठेव" या म्हणण्यामागे मला तुमची काळजी दिसते, कारण तुमची ओढाताण त्यांना रोज दिसत आहे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यासमोर हा नवा हिशेब ठेवा: रात्रीचे काम बंद, महिन्याला ठरावीक पिशव्या, ठरलेले तास, कुलूपबंद सामान. तीन महिने असे करून पाहू आणि मग पुन्हा बसून ठरवू, असे सांगा. पूर्ण बंद केलेला व्यवसाय दोन वर्षांनी पुन्हा उभा करताना ग्राहक नव्याने जोडावे लागतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही ते सांगितले पाहिजे. तीन महिन्यांनी तुम्हालाच थांबावेसे वाटले, तर थांबा. तो निर्णय मग थकव्यातून आलेला नसेल. वेळापत्रक तसेही बदलत राहणार आहे. बहुतेक मुलांची दुपारची झोप तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुटते, त्यामुळे केवळ त्या झोपेवर उभारलेला व्यवसाय टिकत नाही. तोपर्यंत पतींच्या तासांची घडी नीट बसलेली असावी.

"आई म्हणूनही मी कमी पडते" या वाक्याबद्दल डोनाल्ड विनिकॉट यांची आठवण होते. ते ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते आणि आयुष्यभर त्यांनी आया व मुले जवळून पाहिली. मुलाला निर्दोष आई लागत नाही, बरीशी चांगली आई पुरते, असे ते म्हणत. मूल मोठे होत जाते तशी तीही मुलाला सोसवेल इतपत त्याची प्रत्येक गरज तत्काळ भागवणे कमी करत जाते आणि त्यातूनच मूल वाट पाहायला शिकते. सुटीच्या दिवशी तीन तास बाबांबरोबर राहून आईची वाट पाहणारी तुमची मुलगी नेमके हेच शिकत असेल.

एक गोष्ट मात्र मी वेळापत्रकावर सोडणार नाही. रात्री रडू येते, असे तुम्ही लिहिले आहे. झोप वाढल्यावर आणि काम कमी केल्यावर ते थांबले तर उत्तम. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहात असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटत नसेल, मुलगी शांत झोपली असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणीही करून घ्या, कारण बाळंतपणानंतरच्या काळात या दोन्हींमुळे असा थकवा येऊ शकतो आणि दोन्हींवर उपचार आहेत. स्वतःला किंवा मुलीला इजा करण्याचा विचार मनात आला, तर त्याच दिवशी पतींना सांगा आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्या. डॉक्टरांसमोर काय बोलावे हे सुचले नाही, तर मला पाठवलेले हे पत्रच त्यांना वाचायला द्या. त्यात तुम्ही सगळे स्पष्ट लिहिले आहे.